पायओळख

पापड लोक तळून खातात, नाहीतर भाजून. मी तो ॲक्सिलरेटरखाली ठेवायचो.

माझी बायको शालन दर उन्हाळ्यात उडदाचे चारेकशे पापड लाटायची आणि त्यातले पन्नास-साठ मी पिशवीत घालून डेपोत पळवायचो. एसटीत मी अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होतो. शेवटची नऊ वर्षं माझ्याकडं काम होतं ते बाकीच्या ड्रायव्हरांना तेल वाचवायला शिकवण्याचं, त्यामुळं जोतीराम साळुंखे हे नाव मागं पडलं आणि मी सगळ्यांचा मास्तर झालो. पेडलखाली दोन लाकडी ठोकळे ठेवायचे, त्यांच्यावर वाळलेला पापड आडवा टाकायचा आणि नव्या ड्रायव्हरला सांगायचं, जा, पाटणला जाऊन ये. पाय अर्ध्याच्या खाली गेला की 'कट्' असा आवाज यायचा. परत येईपर्यंत ज्याचा पापड शाबूत राहिला तो पास.

शालनला हे बिलकूल पटायचं नाही. "अन्नावर पाय देताय, हे पाप कुठं फेडाल?" असं ती म्हणायची. मी म्हणायचो, पाय पडू नये म्हणूनच तर ठेवतोय.

माझं शास्त्र साधं होतं. पळती गाडी पळत ठेवायला तेल थोडंच लागतं, थांबलेली गाडी पुन्हा उठवायला फार लागतं. ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं तेल चाकापाशी तापून हवेत गेलं. म्हणून लांबवर बघायचं, पुढं अडथळा दिसला की ब्रेककडं न जाता नुसता पाय उचलायचा आणि गाडीला आपली आपण हळू होऊ द्यायची. उतारावर न्यूट्रल मारणाऱ्यांना मी शिव्या घालायचो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला तेल पितंच; गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर चाकंच इंजिन फिरवतात आणि तेल पूर्ण बंद होतं. हे मी पाचशे ड्रायव्हरांना शिकवलं असेल. त्यातल्या चाळीसेकांना कळलं.

निवृत्त झाल्यावर एक लहान पेट्रोल गाडी घेतली. आमचं गाव कोयनेच्या काठाला, कराडपासून बावन्न किलोमीटर. मी चालवायचो आणि शालन शेजारी बसायची. माझी नजर बहुतेक वेळ ॲव्हरेजच्या आकड्यावर. लिटरला सत्तावीसचं सव्वीस झालं की मी लगेच पाय आणखी हलका करायचो. रस्त्याकडं बघायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. "पुढं म्हस हाय." "शाळा सुटलीया." "एसटी थांबलीया, पाय उचला." सगळ्या वाटेनं हे चालायचं. मी उचलायचो, आणि वर म्हणायचो, "गप गं, दिसतंय मला."

"काय दिसतंय? आकडा दिसतोय," ती म्हणायची. "पाय तुमचा, पण डोळं माझं हायती. उगा मिरवू नका."

मी मिरवायचोच.

*

मग तेलाचे दिवस खरोखर फिरले. सरकारनं माणशी कोटा लावला. महिन्याला ठरावीक लिटर आणि जो काटकसरीनं चालवून दाखवेल त्याला थोडं जास्त. लगेच आपल्या लोकांनी आपली अक्कल चालवली. काटकसरी माणसाच्या नावावर तेल घ्यायचं आणि गाडी भलत्यानंच उडवायची. त्यावर उपाय म्हणून ते यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक पायओळख म्हणायचे.

कराडच्या वर्कशॉपमध्ये मेघना नावाची मुलगी ते बसवायची. चटपटीत, कामाला वाघ, आणि आमच्या डेपोतल्या एका जुन्या मेकॅनिकची लेक, म्हणून मला काका म्हणायची.

"काका, माणूस चालतो कसा ते लांबून ओळखू येतं की नाही? तसंच पेडलचं," तिनं समजावलं. "पेडलवरचा दाब हे यंत्र सेकंदाला दोनशे वेळा मोजतं. पाय किती खाली जातो, किती हळू जातो, अडथळ्याच्या किती आधी उचलला जातो, उचलल्यापासून ब्रेकवर यायला किती वेळ लागतो. पुढचा अडथळा बघायला त्याला कॅमेरा आहे. चाळीस दिवस तुम्ही रोज चालवा, मग त्याला तुमचा पाय पाठ होतो. पाय तुमचा असला की हिरवा दिवा. शंका आली की पिवळा. परका वाटला की लाल, आणि मग गाडी ताशी वीसच्या वर जात नाही."

"आणि मग सुटायचं कसं?"

"तुमची नेहमीची चाल सलग दोन किलोमीटर दिसली की सुटते. दुसरा कुठलाच मार्ग ठेवलेला नाही. ठेवला तर चोरालाही तो सापडणार." मग तिनं एक कागद पुढं केला. "फक्त एक काम आहे. घाईची नोंद. मागच्या मैदानावर दहा वेळा पेडल तळाला टेकवायचं. माणूस घाबरला, घाईत असला की त्याचा पाय वेगळा पडतो. तो पायही तुमचाच आहे हे गाडीला एकदा शिकवून ठेवायचं."

मी हसलो. अठ्ठावीस वर्षं ज्यानं पापड मोडला नाही त्यानं दहा वेळा पेडल तळाला टेकवायचं? त्यात पाव लिटर तेल जाणार होतं. पाव लिटरात मी सात किलोमीटर जातो. शिवाय ते माझ्या ॲव्हरेजमध्ये धरलं गेलं असतं, आणि वर्कशॉपच्या फलकावर तालुक्यात पहिलं नाव माझं होतं.

"माझ्या पायाला घाई माहीतच नाही," मी म्हणालो.

"काका, सक्ती नाही. पण नको असेल तर तसं लिहून द्यावं लागेल."

शालन मागं बाकावर बसली होती. "करा की ओ ती नोंद," ती म्हणाली. "पोरगी एवढं सांगतीया. वेळ काय सांगून येतीया व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

मी कागदावर 'घाईची नोंद नको' असं लिहिलं आणि खाली झोकात सही केली. ती सही आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चाळीस दिवस आम्ही दोघं रोज कराडला गेलो. ती भाजी घ्यायची, मी चहा प्यायचो, आणि परत. म्हशी, शाळा, एसट्या, उसाच्या ट्रॉल्या, सगळं तिनं सांगितलं आणि मी पाय उचलला. यंत्राला बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त माझा पाय कळत होता. एकेचाळिसाव्या दिवशी हिरवा दिवा लागला तो पुढं अकरा महिने लागलेलाच राहिला.

*

त्या दिवशी सकाळी शालन अंगणात पापड वाळत घालत होती. अकराच्या सुमाराला आत आली आणि भिंतीला टेकून बसली. पाठीत कळ येतीया म्हणाली. पित्त असेल म्हणून मी कोकम दिलं. अर्ध्या तासानं तिचा ब्लाऊज घामानं ओला झाला होता आणि डावा हात तिला उचलवत नव्हता. मी कराडच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, मध्ये कुठं थांबू नका, थेट इथं आणा. ॲम्ब्युलन्सला यायलाच पाऊण तास लागणार होता, आणि गावातली दुसरी गाडी लग्नाला गेली होती.

मी तिला शेजारच्या सीटवर बसवलं, सीट मागं पाडली, पट्टा लावला. गावाबाहेर पडलं की चढ लागतो. तिनं "आई गं" म्हटलं आणि मी पाय दाबला.

खालून 'कट्' असा आवाज आला. सवयीनं माझ्या स्वतःच्या गाडीतही मी एक पापड ठेवलेला होता.

दिवा पिवळा झाला. मी आणखी दाबलं. दिवा लाल झाला आणि इंजिनातला जीवच गेला. पेडल तळाला टेकलेलं, पापडाचा चुरा बुटाखाली, आणि गाडी ताशी वीसनं चाललेली. पडद्यावर लिहून आलं: अनोळखी पाय.

"मी हाय रे," मी गाडीला म्हणालो. "अरे, मीच हाय."

मी पुन्हा पुन्हा पेडल हाणलं. प्रत्येक वेळी गाडीची खात्रीच पटत गेली की हा कुणीतरी परका आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. असतं तरी दुसऱ्याच्या गाडीत तिला उचलून ठेवायचं, की इथंच दोन किलोमीटरांत आपला पाय परत आणायचा? मी पाय परत आणायचं ठरवलं. पण तो येईना. पेडलवर ठेवला की सरळ तळालाच जात होता.

शालननं डोळे उघडले. दिवा बघितला, मला बघितलं. तिला सगळं कळलं. ती त्या दिवशी बाकावर होतीच ना.

"आवं," ती म्हणाली, "मी कुठं पळून जात न्हाई. रोजच्यासारखं चालवा."

"व्हय."

"पुढं वळण हाय. पाय उचला."

मी उचलला.

"आता द्या थोडा. बास."

ताशी वीसच्या वेगानं दोन किलोमीटर म्हणजे सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत ती मला एकेक गोष्ट सांगत होती. कुत्रं हाय, खड्डा हाय, मोरी हाय. तिचा आवाज ऐकला की पाय आपोआप जिथं जायचा तिथं जायला लागला. दिवा पिवळा झाला, मग हिरवा, आणि गाडीनं आम्हाला सोडलं.

पुढं मी जे चालवलं तसं आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. जोर करायचा नाही हे ठरलं होतं. मग वेग आणायचा कुठून? उतारावरून आणायचा. वाया जाऊ द्यायचा नाही. कोयनेबरोबर रस्ताही कराडकडं उतरतच जातो. प्रत्येक उताराची ओढ मी पुढच्या चढाला पुरवली, एकाही वळणाला ब्रेक लावला नाही, गाडी पाण्यासारखी सोडली. मी पहिल्यांदा आकड्याकडं बघत नव्हतो. तिचं ऐकत होतो. पाटण मागं पडलं. शालनचे ओठ पांढरे पडले होते, पण ती बोलत होती.

"आज ॲव्हरेज पडंल बघा तुमचं," ती म्हणाली. असल्या वेळीसुद्धा तिला थट्टा सुचत होती.

"पडू दे. शालन, चुकलो मी. ती नोंद करायला पायजे हुती."

"पुढं बघा," ती म्हणाली. "ट्रॉली हाय. पाय उचला."

मल्हारपेठेच्या अलीकडं ती उसाची ट्रॉली होती. मी पाय उचलला, ट्रॉली बाजूला झाली, आम्ही सुटलो. मल्हारपेठ गेलं. पुढच्या वळणावर एक एसटी थांबलेली होती. ती मला अगदी जवळ आल्यावर दिसली. मी करकचून ब्रेक मारला आणि दिवा पिवळा झाला.

मी दिव्याकडं बघितलं. तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही. त्या वळणाच्या आधी "एसटी थांबलीया" असं कुणीच म्हणालं नव्हतं.

"शालन," मी म्हणालो. "आगं, बोल की."

अजून पंधरा-सोळा किलोमीटर होते. पिवळ्याचा लाल झाला तर आणखी सहा मिनिटं. आणि झोप लागली असेल, ग्लानी आली असेल, माणूस स्वतःला काय काय सांगतो. म्हणून मग मीच बोलायला लागलो. तिच्याच शब्दांत, मोठ्यानं. पुढं म्हस हाय, पाय उचला. सायकलवाला हाय, पाय उचला. पूल आला, पाय उचला. मी सांगत होतो आणि मीच ऐकत होतो. डोळ्यांतलं पाणी पुसत होतो, कारण आता रस्ता मलाच बघायचा होता. दिवा हिरवा झाला आणि कराडपर्यंत हिरवाच राहिला.

*

दवाखान्याच्या पोर्चमध्ये त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. दहा मिनिटांत एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणण्याआधीच गेल्या, म्हणाले. साधारण वीस मिनिटं झाली असावीत.

"ते म्हाइतंय मला," मी म्हणालो. "मल्हारपेठेच्या पुढं." मग मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, सहा मिनिटं आधी आलो असतो तर?"

"बाबा, तसं नाही सांगता येत."

"धा मिनिटं? धा मिनिटं आधी आलो असतो तर?"

मी जन्मभर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला आणि हा एक आकडा मला कुणी सांगू शकलं नाही.

पोर्चमधून गाडी काढा, असं वॉचमन सांगायला आला. मी किल्ली बंद केली होती की नाही तेही आठवत नव्हतं. आत बसलो तर पडदा उजळला. हे यंत्र प्रत्येक प्रवास संपला की निकाल सांगतं. लिहिलं होतं: लिटरला एकतीस पूर्णांक चार किलोमीटर. हा आपला आजवरचा सर्वोत्तम प्रवास. अभिनंदन.

मी तो आकडा वाचला आणि मला स्वतःची किळस आली. शेजारची सीट मागं पाडलेलीच होती. तिचा पट्टा बाजूला लोंबत होता.

*

तेरावं झाल्यावर कागदपत्रांसाठी कराडला जायला म्हणून गाडी काढली. मनात काही नव्हतं. हळू चालवत होतो, नेहमीसारखाच, निदान मला तसं वाटत होतं. गावाबाहेरच्या मोरीपाशी दिवा पिवळा झाला. शाळेपाशी लाल. अनोळखी पाय.

सलग दोन किलोमीटर नेहमीची चाल दिसली की सुटते, असं मेघना म्हणाली होती. मला ती बावन्न किलोमीटरांत दाखवता आली नाही. ताशी वीसनं अडीच तास लागले. मागून येणारे हॉर्न वाजवून वैतागत पुढं जात होते.

मेघनानं तार जोडली आणि पडद्यावर दोन रेघा काढल्या. एक जुनी, एक आजची.

"काका, यंत्रात बिघाड नाही," ती म्हणाली. "आधी तुम्ही अडथळ्याच्या सरासरी चार सेकंद आधी पाय उचलायचा. तालुक्यात कुणीच एवढ्या लवकर उचलत नाही, म्हणून तर तुम्ही पहिले होता. आज दीडच सेकंद आधी उचललाय. म्हणून गाडीला वाटतंय, चालवणारा माणूस दुसरा आहे."

मी त्या दोन रेघांकडं बघत राहिलो. मधल्या अडीच सेकंदांत ती बसलेली होती. तिचं बघणं, तिचं सांगणं, आणि माझं "गप गं, दिसतंय मला". फलकावर पहिलं नाव माझं होतं. पाचशे ड्रायव्हरांपुढं मी हा पाय नाचवला होता.

"यंत्राचं बरोबर हाय, मेघना," मी म्हणालो. "त्यो पाय माझ्या एकट्याचा नव्हता."

तिला कळलं असावं. तिनं दोन्ही रेघांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "जुनी नोंद पुसून नवी करावी लागेल. चाळीस दिवस."

"पुसावीच लागंल?"

"एका गाडीत एकाच माणसाच्या दोन नोंदी राहत नाहीत, काका."

मी मान हलवली. तिनं जुनी रेघ पुसली. मला वाटलं होतं वेळ लागेल, पण ती लगेच गेली. मग तिनं कागद पुढं केला, आणि घाईच्या नोंदीचा रकाना आल्यावर तिचा हात अडखळला. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि 'हो' लिहिलं.

मागच्या मैदानावर गेलो. नियमाप्रमाणं तिला शेजारी बसावं लागलं. तिनं सीट सरळ केली, पायाखाली सापडलेला पापडाचा तुकडा उचलून तळहातावर धरला आणि फेकू का म्हणून विचारलं नाही.

मी पेडल तळाला टेकवलं. इंजिन ओरडलं, गाडी झेपावली. वळून परत आलो. पुन्हा टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं तेल जाळत होतो. ते जाताना मला काहीच वाटत नव्हतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. दहाव्या वेळी पाय तसाच खाली राहिला. मैदानाच्या टोकाला विटांची भिंत होती. मला ती दिसत होती की नव्हती, खरंच सांगता येत नाही.

"काका," मेघना शेजारून म्हणाली. "पुढं भिंत आहे. पाय उचला."

मी उचलला. गाडी आपली आपण हळू होत भिंतीच्या बरीच अलीकडं थांबली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि तेरा दिवस लोकांसमोर जे अडवून धरलं होतं ते सगळं रडून घेतलं. ती पोरगी तुकडा हातात घेऊन तशीच बसून राहिली.

शेवटी पडद्यावर हिरवा दिवा लागला. घाईची नोंद पूर्ण. आता मी कितीही जोरात पाय दाबला तरी गाडी मला ओळखणार होती.

"झालं काका," मेघना म्हणाली. "आता कधी घाई असली तर अडणार नाही."

"आता कसली घाई," मी म्हणालो.